मक्याच्या दाण्यांचे ट्रक

आसेगावच्या रुख्मिणीबाईंना कुणी विचारलं, तुमची सून काय शिकते, तर त्या एका दमात सांगतात, "रस्ते शिकते." ऐकणारा हमखास फसतो. रस्त्यात शिकण्यासारखं काय असतं, असं त्याच्या तोंडावर उमटतं, आणि मग बाई त्याला सोडत नाहीत. खाली मुरूम किती, वर गिट्टी किती, काळ्या मातीवरचं डांबर उन्हाळ्यात का फाटतं, सगळं ऐकवतात. त्यातलं अर्धं बरोबर असतं. उरलेलं अर्धं त्यांनी स्वतःच्या डोक्यानं जोडलेलं असतं, पण ऐकणाऱ्याला ते कुठून कळायला!

बाईंचं स्वतःचं शिक्षण दुसरीपर्यंत झालं. सही येते, बसची पाटी अंदाजानं कळते, आणि मोजण्यात मात्र त्यांचा हात धरणारा गावात कुणी नाही. खळ्यावर त्यांनी मापलेली रास पुन्हा मापायची कुणाची छाती झाली नाही. नवरा पुंजाजी सातवी पास, पण धान्य मापायला बसले की पाचव्या मापानंतर कुणाशी तरी बोलायला लागतात आणि आकडा हरवतात. त्यामुळे घरातली लिखापढी पुंजाजींकडे आणि मोजमाप बाईंकडे, अशी वाटणी लग्नानंतर वर्षभरातच झाली होती.

सून राखी ही धनजची. सिव्हिलची इंजिनिअर होऊन ती या घरात आली. लग्नाच्या बैठकीतच तिनं मान वर करून सांगितलं होतं, मला पुढे एम.टेक. करायचं आहे, रस्ते आणि वाहतुकीचं.  पुंजाजी तंबाखू मळायचे थांबले. मुलगा विकास, ज्याचं लग्न ठरत होतं, तो तर सतरंजीची दोरी उसवत बसला. तेवढ्यात आतून रुख्मिणीबाईंचा आवाज आला, "शिकू द्या ना मंग. काहून अडवता? माह्या घरात एक तं बाई अशी असू द्या का जे दुसऱ्याच्या तोंडाकडे न पाह्यता फारम भरन."

झालं. त्या एका वाक्यावर राखी घरात आली, आणि ते वाक्य ती विसरली नाही. प्रवेश परीक्षा पास होऊन तिला अमरावतीच्या कॉलेजात जागा मिळाली. मध्ये लेक झाली, संस्कृती, आणि एक वर्ष बुडालं. पोर सहा महिन्यांची झाल्यावर बाईंनीच सुनेची बॅग भरली. "इले मी पाहातो. तू जाय," एवढंच म्हणाल्या. राखी एसटीत चढेपर्यंत त्या खंबीर होत्या. बस वळल्यावर नातीला पोटाशी धरून त्या फाट्यावरच बसून रडल्या, ही गोष्ट मात्र त्यांनी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

आता शेवटचं वर्ष होतं. प्रबंध लिहून जूनपर्यंत द्यायचाच होता. बुडालेल्या वर्षामुळे मुदत आधीच एकदा वाढवून घेतलेली, आणखी वाढणार नव्हती. जूनमध्ये जमलं नाही तर तीन वर्षांचं शिक्षण पदवीशिवाय संपणार होतं.

प्रबंधाचा विषय राखीनं घरचाच निवडला होता. आसेगावहून आत जाणारा एक लहान रस्ता आहे. रहदारी बेताची, तरी दर दोन वर्षांनी त्याची चाळण होते. का होते, आणि तो कसा बांधला तर टिकेल, हे तिला शोधायचं होतं. मातीचे नमुने तिनं स्वतः खणून नेले. राहिली होती वाहनांची मोजणी. सलग सात दिवस, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, दर तासाला कोणती वाहनं किती गेली त्याचा वेगळा आकडा. कॉलेजचा कॅमेरा दुसऱ्या मुलांकडे गेला होता. राखीला प्रयोगशाळेत शिकवण्याचं काम असल्यानं फेब्रुवारीत सात दिवस सुटी मिळेना. फोनवर ती हे सांगत होती तेव्हा रुख्मिणीबाई पोळ्या लाटत होत्या.

"मी बसतो," त्या म्हणाल्या.

"आई, फॉर्म भरावा लागते. सहा रकाने हायेत."

"मले रकाने नोको सांगू. गाड्या किती जातीच्या हायेत ते सांग."

आणि मग बाईंनी जे डोकं लढवलं ते कुठल्या पुस्तकात नसेल. मोटरसायकल गेली की ज्वारीचा दाणा. ऑटो गेला की मूग. कार किंवा जीप गेली की सोयाबीन. ट्रॅक्टरला हरभरा, एसटीला तूर, आणि ट्रक सगळ्यात मोठा म्हणून त्याला मक्याचा दाणा. पदराखाली सहा वाट्या. तास भरला की सगळे दाणे एका कागदाच्या पुडीत. तास कळावा म्हणून विकासनं मोबाइलला गजर लावून दिला. संध्याकाळी पुंजाजी पुड्या सोडायचे, दाणे मोजायचे, फॉर्मवर आकडे लिहायचे आणि फोटो काढून सुनेला पाठवायचे.

सात दिवस बाई रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसल्या, नात पुंजाजींपाशी. डबा तिथेच खाल्ला. जाणारे-येणारे थट्टा करायचे. शेजारच्या कस्तुराबाईंनी तर विचारलं, "काहो, गाड्यायचं लगन लावता का, सारखं दाने टाकून राह्यल्या?" बाई बोलल्या नाहीत, कारण बोलता बोलता एक मोटरसायकल निसटली असती. डोळ्यात तेल घालून बसणं म्हणजे काय ते त्या आठवड्यात आसेगावनं पाहिलं.

फॉर्म पाहून राखी खूश झाली. ट्रक मात्र तिला फारच कमी वाटले. सात दिवसांत मिळून नऊ. तिच्या मार्गदर्शक मॅडमनाही तसंच वाटलं, पण आकडे तासातासाचे होते, नीट लिहिलेले होते. शेवटी निष्कर्ष निघाला की या रस्त्याला वजनानं काही होत नाही. तो फुटतो तो काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्यानं. त्यावर राखीनं दोन प्रकरणं लिहिली. मॅडमनी ती वाचून मान डोलावली.

पाडव्याला राखी घरी आली तेव्हा अंगणात हरभऱ्याची रास पडलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मापायला घेतली. पायलीचं माप रुख्मिणीबाईंच्या हातात, पोत्याचं तोंड राखीच्या हातात. बाईंनी पहिली पायली भरली, "लाभ" म्हणाल्या आणि ती पोत्यात न टाकता बाजूच्या टोपलीत ओतली. मग पोत्यात पहिली पायली पडली तेव्हा म्हणाल्या, "एक."

ही त्या घराची रीत. नव्या राशीचं पहिलं माप देवाचं. त्याला आकडा द्यायचा नाही आणि ते घरच्या धान्यात मिसळायचं नाही. बाईंना ते त्यांच्या सासूनं शिकवलं होतं. राखीनं हे दोन-तीन वर्षं पाहिलेलं होतं, म्हणून ती सहज हसून म्हणाली, "आई, देवाचा वाटा तुमी कदी इसरत नाही."

बाई खुलल्या. "इसरीन कशी? तुह्या गाड्यायतलाबी काढला ना मी. दर तासाले नवी पुडी, म्हून दर तासाले लाभ. ज्वारीचा एक, मुंगाचा एक, समद्यायचा एक एक. संद्याकायी तुयशीजवय टाकत होती. चिमण्यायनं खाल्ले."

पोत्याचं तोंड राखीच्या हातातून सुटलं. हरभरा अंगणभर सांडला.

ती घरात गेली, बॅगेतून फॉर्मांची फाइल काढली आणि उंबऱ्यावर बसून एकेक पान उलटायला लागली. मोटरसायकली तासाला तीस-चाळीस. त्यातली एक गेली तरी फारसं बिघडत नव्हतं. पण ट्रक त्या रस्त्यानं तासाला एक किंवा दोन जायचे. तासाचा पहिला ट्रक देवाच्या वाट्याला गेला की पुडीत उरत होतं शून्य. ज्या तासात एकही ट्रक आला नाही तिथेही शून्य, आणि जिथे एक आला तिथेही शून्य. चौऱ्याऐंशी तासांतलं कोणतं शून्य खरं आणि कोणतं देवाचं, हे सांगायला आता फक्त चिमण्या उरल्या होत्या. आणि रस्ता मोटरसायकलींनी फुटत नाही. तो फुटतो ट्रकच्या वजनानं. पूर्ण प्रबंध त्या मक्याच्या दाण्यांवर उभा होता.

राखीनं हे हळूहळू, शब्द शोधत सांगितलं.  रुख्मिणीबाई सांडलेला हरभरा गोळा करत होत्या, त्या तशाच बसून राहिल्या. आपण पोरीच्या कामाला यश यावं म्हणून देवाला हात जोडून दाणा बाजूला काढत होतो, आणि नेमका तोच दाणा तिच्या गळ्याशी आला. त्यांना वाटलं, त्या दिवशी बैठकीत आपण तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं. अशा अडाणी घरात ही पोर कशाला आली.

पुंजाजींनी सगळं ऐकलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "कोनाले समजून राह्यलं? फारमवर आकडे हायेत. म्याडमनं पास केलं. राहू दे ना तसंच."

 खरं सांगायचं तर क्षणभर राखीलाही तो रस्ता सोपा वाटला असेल. जून अडीच महिन्यांवर होता. दोन्ही प्रकरणं पुन्हा लिहायची म्हणजे जेमतेम हातात पडतील अशी वेळ. पण तिच्याआधी बाईच बोलल्या. आवाज फुटलेला, पण शब्द स्पष्ट. "नाही. खोट्या मापाचं धान्य आपल्या घरातून कदी गेलं नाही. मी पुन्ना बसतो. उद्यापासून."

"आई, आता सुगी हाय. गहू उभा हाय. आन ऊन…"

"गहू विकास पाहील. उन्हाले मी काय नवी हाओ?"

राखी उठून त्यांच्याशेजारी बसली आणि हरभरा गोळा करू लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "मी बी बसतो तुमच्यासंग. फोन करून सुटी मांगतो. नाही देली तं बिनपगारी."

प्रश्न एकच उरला होता, लाभाचा. राखीला तो विचारायचं धाडस होईना, आणि बाईंना तो सोडायचं. दुसऱ्या दिवशी बाभळीखाली वाट्या मांडताना राखी चाचरत म्हणाली, "आई, देवाले द्या. पण घरचा दाना द्या, वेगळा. गाडीचा दाना पुडीतच राहू द्या."

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. इतकं साधं! मग स्वतःशीच म्हणाल्या, "पाह्य बरं, मी देवाले सुनेच्या ताटातलं वाढून राह्यली होती." आणि पोरीनं रीत मोडायला लावली नाही, याचं त्यांना इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. घरून आणलेल्या ज्वारीची एक मूठ त्यांनी आधीच बाजूला ठेवली आणि मग पहिली मोटरसायकल येण्याची वाट पाहिली.

सात दिवस दोघी बसल्या. बाईंकडे वाट्या, राखीकडे पेन. संध्याकाळी दोघींचे आकडे ताडून पाहायचे. तिसऱ्या दिवशी दोन ट्रकांचा फरक आला. राखीचे दोन कमी. तिला आधी वाटलं, सासूबाईंचं चुकलं. मग आठवलं, दुपारी कॉलेजचा फोन आला होता आणि ती पाठ करून बोलत होती. बाईंनी तिला काहीच म्हटलं नाही. फक्त पुंजाजींना जेवताना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पेनवालीचे दोन ट्रक कोनी नेले काय मालूम." राखी खूप दिवसांनी खळखळून हसली.

आणि चौथ्या दिवशी एक गोष्ट घडली. बाईंनी मक्यासाठी दुसरी वाटी मांडली. राखीनं विचारलं, ही कशाला?

"भरेल ट्रक आन रिकामा ट्रक एकाच वाटीत टाकाचे का? खयावर आपन दाना आन भूस एकत्र मोजत असतो का?"

राखीच्या हातातलं पेन थांबलं. तिच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता. त्या दिवसापासून तिनं तो हातानं आखला. आणि तीनच दिवसांत चित्र समोर आलं. गिट्टीचे भरलेले ट्रक सगळे एकाच दिशेनं जात होते आणि रिकामे होऊन उलटे येत होते. आणि रस्ता फुटलेला होता तो भरलेल्या ट्रकांच्या बाजूनं. दुसरी बाजू बऱ्यापैकी धड होती. राखी इतकी वर्षं त्या रस्त्यानं गेली होती, मोटरसायकलवाल्यांना धड बाजूनं उलटे येताना पाहून चिडली होती, पण हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

सात दिवसांत ट्रक निघाले एकशे चार. सुगीमुळे थोडे जास्त असतील, हे राखीनं प्रबंधात लिहिलं. पण नवाचा आकडा साफ खोटा होता, हेही लिहिलं. मॅडमना तिनं फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "लिही. जेवढं झालं तेवढं सगळं लिही. वेळेत दे मात्र." एप्रिल-मे राखी अमरावतीला दिवसरात्र लिहीत होती, आणि इथे रुख्मिणीबाई नातीला भरवताना मध्येच थांबून विचारायच्या, "किती तारीख झाली?" मुदतीच्या दोन दिवस आधी प्रबंध जमा झाला.

तोंडी परीक्षेला राखीनं सासूबाईंना हट्टानं नेलं. नवं लुगडं नेसून बाई वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसल्या. पुढे बाहेरून आलेले परीक्षक, मॅडम आणि दहा-बारा मुलं. राखी पडद्यावर आलेख दाखवत बोलत होती. बाईंना इंग्रजी कळत नव्हतं, पण आपल्या बाभळीचा फोटो आला तेव्हा त्या सावरून बसल्या.

मग परीक्षकांनी मराठीत विचारलं, "दोन मोजण्यांमध्ये एवढा फरक? एकात नऊ, दुसऱ्यात एकशे चार. असं कसं होईल?"

राखीनं सगळं सांगितलं. खळ्याची रीत, लाभ, मक्याचा दाणा, चिमण्या. मुलं हसली. एकजण तर तोंडावर वही धरून हसत होता. रुख्मिणीबाईंनी मान खाली घातली. बाकाला असतील नसतील त्या सगळ्या रेघा त्यांनी बोटानं पुसून काढल्या. आपल्यामुळे पोरीचं हसं झालं, आता ही नापास होणार, एवढंच त्यांना कळत होतं.

परीक्षक हसले नाहीत. म्हणाले, "पहिला आकडा तुम्ही तसाच ठेवला असता तर मला कळलं नसतं. का नाही ठेवला?"

राखी म्हणाली, "त्या आकड्यावर बांधलेला रस्ता दोन वर्षांत पुन्हा फुटला असता, सर. आणि त्या रस्त्यानं माझ्या घरचीच माणसं जातात. पण खरं सांगू का, ठेवायचा नाही हे मी नाही ठरवलं. ज्यांनी मोजलं त्यांनीच ठरवलं. त्या मागे बसल्या आहेत."

सगळ्यांनी वळून पाहिलं. आता कुणी हसत नव्हतं. बाईंना कुठे बघावं कळेना, म्हणून त्यांनी सगळ्यांना हात जोडले. परीक्षक उभे राहिले आणि त्यांनीही हात जोडले. मग वर्ग रिकामा करायला सांगितला.

बाहेर वऱ्हांड्यात दोघी उभ्या होत्या.  पंधरा मिनिटांनी मॅडम दार उघडून बाहेर आल्या आणि राखीला मिठीच मारली. पास. शिवाय परीक्षकांनी सांगितलं होतं की भरलेल्या आणि रिकाम्या ट्रकांचा तो हातानं आखलेला रकाना हाच या कामाचा खरा गाभा आहे. रुख्मिणीबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या आणि लुगड्याच्या नवेपणाची पर्वा न करता पदरानं तोंड पुसत राहिल्या.

परतीच्या एसटीत राखीला खिडकीशी बसवलं. कारंजा मागे पडलं तरी ती बोलत होती, मंगरूळपीरला गाडी बदलली, आणि मग तिचा आवाज हळूहळू मंद होत गेला. कित्येक महिन्यांची झोप होती ती. आसेगावच्या अलीकडे उखडलेला रस्ता सुरू झाला, बस हिंदकळली आणि राखीचं डोकं खिडकीच्या गजावर आदळणार तोच रुख्मिणीबाईंनी मध्ये हात घातला. मग तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्या हाताचा तळवा तिच्या कानाशी धरून ठेवला.

पोरीनं आपल्याला माफ केलं का, हे विचारायचं त्यांनी महिनोन्‌महिने टाळलं होतं. आता त्यांना कळलं की विचारण्यासारखं काही नव्हतंच. जिच्यावर राग असतो तिच्या खांद्यावर माणूस असं बेफिकीर झोपत नाही. आपल्या पोटी मुलगी नाही, याची हळहळ त्यांनी तीस वर्षं मनात बाळगली होती. ती त्या बसमध्ये कुठे गेली त्यांना समजलंसुद्धा नाही.

खड्डा आला की त्या तळवा घट्ट करायच्या, गेला की सैल. कंडक्टरनं आसेगाव पुकारलं तेव्हा हात पार बधिर झाला होता. बस थांबली, लोक उतरायला लागले, विकास खालून हाका मारत होता. बाईंनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं आणि कंडक्टरला हळू आवाजात म्हणाल्या, "दोन मिन्टं थांब ना बाप्पा. माही पोरगी झोपली हाय."